मुंबई कॉमिक कॉन: आर्टिस्ट ॲलीच्या टेबलासाठी किती प्रिंट काढाव्यात?

रेघोटी: आर्टिस्ट ॲलीत, म्हणजे चित्रकार स्वतःची चित्रं विकतात त्या भागात, पहिलंच टेबल आहे, दोन दिवसांचं. छपाईला ८,००० रुपये बाजूला काढलेत. प्रेसवाला ३०० जीएसएमच्या (जाड) कागदावर ए-फोरला २५ आणि ए-थ्रीला ५० सांगतोय. ४ डिझाइनच्या ८०-८० ए-फोर काढायचा विचार आहे. दोन डिझाइन फॅन आर्ट आहेत, म्हणजे दुसऱ्यांच्या पात्रांची चित्रं, चालतील ना?

शाईदौत: ८०-८० नको. डिजिटल छपाईत आधी प्लेट बनवायचा खर्च नसतो, त्यामुळे १० काढा की ८०, दर फारसा हलत नाही. १६ डिझाइन, प्रत्येकी १० ए-फोर म्हणजे ४,०००. त्यातली उत्तम ४ ए-थ्रीत, ८-८ नग, म्हणजे १,६००. उरलेल्या २,४०० मध्ये स्टिकर, पारदर्शक पिशव्या, पाठीला पुठ्ठा आणि प्रिंट टांगायला जाळी. पहिल्या संध्याकाळी जे संपलं तेच रात्री परत छापून घ्यायचं, तेव्हा रात्री उघडा असणारा प्रेस आधीच गाठून ठेवा.

फाइल ३०० डीपीआय, चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापताना जाणारं जादा चित्र. ब्लीडसकट ए-थ्री होतो ३०३ बाय ४२६ मिमी. १२ बाय १८ इंची शीट जेमतेम ३०५ मिमी रुंद, आणि मशीन कडेपर्यंत छापत नाही. म्हणून १३ बाय १९ मागा, नाहीतर पांढरी कड राहते. आरजीबीतला (स्क्रीनवरचा) झगझगीत निळा-जांभळा सीएमवायकेत (छपाईच्या शाईत) मळका होतो, तेव्हा एक नमुना काढल्याशिवाय पूर्ण ऑर्डर देऊ नका. एकाच बाजूला लॅमिनेशन केलंत तर मुंबईच्या दमटपणात उघडी बाजू ओल धरते आणि कागद वळतो.

कटर_हरवलाय: टेबलावर आडव्या मांडलेल्या प्रिंट गर्दीतून कुणाला दिसत नाहीत. जाळी उभी करा, झिप टायने टेबलाच्या पायांना बांधा, मोठी चित्रं डोळ्यांच्या उंचीवर. प्रत्येक नमुन्यावर ठळक आकडा आणि किंमत; माल त्याच आकड्याच्या फोल्डरमध्ये. "७ नंबर द्या" म्हटलं की हात थेट तिथेच जातो. किमती १००, १५०, ३०० अशा, सुट्ट्या पैशांची कटकट नको. हॉलमध्ये नेटवर्क गळपटतं. क्यूआर दोन जागी लावा, आणि पैसे आले का ते गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवर नाही, स्वतःच्या ॲपमध्ये बघा.

कलम_५२: फॅन आर्टचं राहिलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात खासगी वापर, टीका, समीक्षा यांना सूट आहे, विक्रीला नाही. खाली मूळ निर्मात्याचं नाव लिहिलं म्हणून परवानगी मिळत नाही. लोगो तर ट्रेडमार्क, तो मुळीच वापरू नका. आयोजकांची नियमावली वेगळी वाचा. लोककथेतले मुंजा, हडळ, वेताळ मात्र सगळ्यांचे (जांभळ्या पोशाखातला कॉमिक्सवाला वेताळ सोडून!). आणखी एक: पुढे बेंगळुरूला टेबल घेतलंत तर वर्षाला ४० लाखांपर्यंतच्या मालविक्रीला जीएसटी नोंदणी न लागण्याची सवलत तिथे लागेलच असं धरू नका, परराज्यात तात्पुरत्या विक्रीची नोंदणी वेगळी असते. सीएला आधी विचारा.

रेघोटी: १६ डिझाइन होत नाहीत, ११ तयार आहेत. फॅन आर्ट वगळलं तर ९.

शाईदौत: ९ डिझाइन, प्रत्येकी १२ ए-फोर करा. उरलेल्या पैशांत स्टिकर वाढवा.