गच्चीवर एरोजेल कशाला? आधी थर्माकोलचा हिशेब करा

पाईपलाइन: कालच्या धाग्यात "भाताच्या तुसापासून एरोजेल होतंय, दोन वर्षांत गच्चीगच्चीवर दिसेल, एसी विसरा" असं ठोकून दिलंय आणि खाली नुसती वाहवा. राहवलं नाही. एरोजेल म्हणजे जेलमधला द्रव काढून त्या जागी हवा ठेवलेला, उष्णता अडवणारा हलका पदार्थ. किस्टलर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने 1931 मध्ये ते केलं, तेव्हापासून घोडं वाळवण्यापाशीच अडलंय. जेलमधला द्रव साधा उडू दिला की पृष्ठताणाने छिद्रं आवळतात, जेल तडकतं. म्हणून द्रवाच्या जागी कार्बन डायऑक्साइड भरून तो 31 अंश आणि 74 बारच्या पुढे न्यायचा, मग द्रव-वायू हा भेदच उरत नाही. तुसाची राख फक्त सिलिका हा कच्चा माल देते, एवढा दाब सोसणाऱ्या पात्राचं, म्हणजे ऑटोक्लेव्हचं, बिल भरत नाही. आणि उष्णतावाहकता? एरोजेल 0.015 वॅट प्रति मीटर-केल्विनच्या आसपास, थर्माकोल 0.035. अडीचपट जाड थर्माकोल टाका, काम तेच. गच्चीवर दोन इंच जागा नाही?

रंकाळा: ऑटोक्लेव्हवरच थांबलात. साध्या दाबावर वाळवणं नव्वदच्या दशकापासून आहे. छिद्रांच्या भिंती मिथाइल गटांनी झाकल्या की त्या आक्रसताना एकमेकींना चिकटत नाहीत, जेल पुन्हा फुगतं. आमच्या शिवाजी विद्यापीठात सोडियम सिलिकेटपासून हे झालंय. एमटीएमएस या सिलिकॉनच्या रसायनापासून वाकणारं एरोजेलही झालंय. आता ते बनवणारा एक कोल्हापूरचा कारखानदार दाखवा!

भट्टीवाला: कारखानदारांना कशाला ओढता? मी एका प्रयोगशाळेकडे नमुना मागितला होता. वर्षभराने डबीभर आला, पुढचा आला तो वेगळ्याच घनतेचा. चंचुपात्रातलं यश म्हणजे उत्पादन नव्हे.

रंकाळा: पायलट प्लांटला, म्हणजे चाचणीच्या छोट्या कारखान्याला, पैसे दिले होते का तुम्ही? मी पीएचडी करताना शिष्यवृत्ती महिनोन्महिने अडकायची, हेक्झेनसारखं साधं द्रावक उसनं आणायचो. तयार माल हवा, जोखीम दुसऱ्याची. हे वर्षानुवर्षं चाललंय.

भट्टीवाला: आणि तुमची मोजदाद पेपरांवर! माल विकला गेला नाही तर कामगारांचा पगार मला द्यावा लागतो.

लॅगिंग सुपरवायझर: अहो, मूळ प्रश्न राहिला. पाताळगंगेच्या औद्योगिक वसाहतीत वाफेच्या लाइनवर एरोजेलचं ब्लँकेट आम्ही गुंडाळतो. रॉकवूल, म्हणजे दगडी तंतूंची लोकर, कोकणच्या पावसात भिजतं आणि खाली पाईप गंजतो. हे पाणी धरत नाही, दोन पाईपांच्या फटीतही बसतं. पण कापताना पांढरी भुकटी उडते, हात कोरडे ठक्क पडतात. पोरांना हातमोजे आणि मास्क मिळावेत म्हणून मला ठेकेदाराशी भांडावं लागलं. "चमत्कार" लिहिणाऱ्यांनी हेही लिहावं.

पाईपलाइन: भुकटीचं शंभर टक्के खरं. जागा अडचणीची असेल तिथे एरोजेल, हेच माझं म्हणणं. विजेच्या गाड्यांच्या बॅटरीत दोन सेलच्या मध्ये मिलिमीटर मोजावे लागतात. एक सेल पेटला तरी शेजारचा वाचला पाहिजे. 2022 च्या उन्हाळ्यात स्कूटरी पेटल्या ते आठवा. तिथे महाग पडलं तरी घाला. गच्चीवर नको.

पत्र्याखालची: दादा, सगळ्यांना गच्ची नसते. आमची खोली पत्र्याची, माळ्यावर वाकून चालतो. तुमचा दोन इंच थर्माकोल आतून लावला तर झोपायची जागा जाते. आणि तो पेटतो. मागच्या गल्लीत आग लागली तेव्हा काळ्या धुराने माणसं गुदमरली होती. मे महिन्यात लेकराच्या अंगावर ओला टॉवेल टाकून रात्र काढते मी.

पाईपलाइन: ताई, पत्र्याखाली उघडा थर्माकोल नकोच, मान्य. आधी पत्र्याला वरून पांढरा रंग द्या, ऊन परत फिरतं, खर्चही कमी. एरोजेल तुम्हाला आज परवडणार नाही.

रंकाळा: म्हणूनच ते स्वस्तात बनवायला हवं, हेच सांगतोय मी!

पत्र्याखालची: रंग दोनदा दिला, पावसाळ्यात जातो. ब्लँकेटचा चौरस फुटाचा भाव काय? सुपरवायझर दादा, तुम्हाला तरी माहीत असेल.