मॅच झकास, सिनेमा लंगडा

*शनिवार*

बी-४०२ (काका), रात्री ९:१२
सर्वांना नमस्कार. नवीन टीव्ही घेऊन आठ दिवस झाले, ५५ इंची. मॅच बघायला झकास. पण सिनेमा लावला की चित्र अडखळतं. माणूस नदीकाठाने चालत असतो आणि मागची झाडं ठेचा खात सरकतात. जुन्या ३२ इंचीवर असं कधी झालं नाही. कुणाला अनुभव आहे का? दुकानदार म्हणतो, "सवय होईल." पैसे मोजून सवय कशाला लावून घेऊ?

ए-३०१, ९:१४
काका, एचडीएमआय केबल बदला. सोबत येते ती फुकटातली असते. मी १८०० ची घेतली, फरक लगेच दिसतो.

सी-१०२, ९:१५
वायफाय असणार. राउटर बंद करून चालू करा.

बी-१०१ (आजोबा), ९:१९
व्होल्टेज तपासा. स्टॅबिलायझर लावला आहे का?

सेक्रेटरी, ९:२०
उद्या टाकी धुणार आहेत. दुपारी २ ते ४ पाणी बंद. कृपया भरून ठेवावे.

बी-२०४ (एडिटिंग), ९:३१
काका, आत्ताच काही विकत घेऊ नका. एवढंच सांगा. अडखळताना आवाजही तुटतो का? मध्येच गोल फिरणारं चक्र येतं का? आणि सिनेमा कशावरून लावता?

बी-४०२, ९:३६
आवाज व्यवस्थित. चक्र नाही. मुलाने नेटवरून सिनेमे दाखवणारी स्टिक लावून दिलीय, तिच्यावरून. मॅच आणि हिच्या मालिका सेट टॉप बॉक्सवर.

बी-२०४, ९:४४
मग वायफाय सुटलं. नेट कमी पडलं की चित्र थांबतं, चक्र फिरतं किंवा धुरकट होतं. ४के ला साधारण १५ एमबीपीएस पुरतात, आपल्या बिल्डिंगमध्ये तेवढे सगळ्यांकडे आहेत. आणि केबल बिघडली तर चित्रात ठिपके चमकतात, स्क्रीन काळी होते, "नो सिग्नल" येतो. झाडं ठराविक तालात ठेचा खात नाहीत. माफ करा ३०१ दादा.

खात्री हवी असेल तर यूट्यूबवर व्हिडिओ लावून सेटिंगमध्ये "स्टॅट्स फॉर नर्ड्स" चालू करा. गळलेल्या फ्रेम्सचा, म्हणजे सुटलेल्या चित्रांचा, आकडा दिसतो. तो वाढत नसेल आणि तरी धक्के बसत असतील, तर माल पूर्ण येतोय, मांडणी चुकतेय.

बी-४०२, ९:५८
बघितलं. आकडा शून्य. धक्के आहेतच.

बी-२०४, १०:१०
मग हा ताल चुकल्याचा प्रकार. लांब लिहितोय, सांभाळून घ्या.

सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा. बोलपटांपासून तेच चाललंय. तुमची स्टिक टीव्हीला सेकंदाला ६० वेळा चित्र देते. ६० ला २४ ने भागलं की अडीच. अर्धं चित्र दाखवता येत नाही, म्हणून एक चित्र ३ वेळा, पुढचं २ वेळा, परत ३, परत २. म्हणजे एक चित्र ५० मिलिसेकंद टिकतं आणि दुसरं ३३. एक पाऊल लांब, एक आखूड. लंगडणारच. माणसं बोलत बसली असतील तर कळत नाही. कॅमेरा सावकाश आडवा फिरला की झाडं, खांब, बाल्कनीचे गज, सगळं ठेचाळतं. तुम्ही नदीकाठ म्हणालात तेव्हाच शंका आली.

सी-१०२, १०:१३
मग मॅच का लंगडत नाही?

बी-२०४, १०:१९
आपल्याकडे प्रसारण ५० च्या हिशेबाने चालतं. मॅच सेकंदाला ५० वेळा टिपतात आणि बॉक्सही ५० नेच देतो. जमलं.

जुन्या टीव्हीवर काकांनी सिनेमे चॅनलवर पाहिले असणार. तिथे २४ चा सिनेमा थोडा पळवून २५ वर नेतात आणि प्रत्येक चित्र बरोबर दोनदा. लंगडं नाही, पण अडीच तासांचा सिनेमा १४४ मिनिटांत संपतो. सहा मिनिटं कुठे गेली हे आपण कधी विचारलं नाही, जाहिरातींनी भरपाई केली म्हणून असेल 😄

सी-२०१, १०:२४
मी सध्या मुलीकडे न्यू जर्सीला. इथे तर सगळं ६० वर आहे. मग इथले लोक सिनेमा बघतात कसे?

बी-२०४, १०:२७
लंगडाच बघत आले काकू, पिढ्यान् पिढ्या. डोळा सरावलाय त्यांचा. दुकानदार सवय होईल म्हणाला ते खोटं नाही, फक्त आपली सवय ५० ची आहे.

बी-१०१ (आजोबा), १०:२९
म्हणजे स्टॅबिलायझर नको?

बी-२०४, १०:३०
विजेसाठी असू द्या आजोबा. चित्रासाठी नको.

बी-४०२, १०:३३
आता करायचं काय ते सांग बाबा. हे फिजिक्स मला अर्धंच कळलं.

बी-२०४, १०:४१
स्टिकच्या सेटिंगमध्ये डिस्प्लेत जा. "मॅच ओरिजिनल फ्रेम रेट" किंवा तसंच काही असेल, ते चालू करा. मग सिनेमा २४ चा असेल तर स्टिक २४ च देईल, मालिका २५ ची असेल तर ५०. सिनेमा सुरू होताना आणि संपताना स्क्रीन सेकंदभर काळी होईल. घाबरू नका, ताल बदलतोय.

एक अडचण आहे. सगळी अॅप हे पाळत नाहीत. पाळलं नाही तर तोच सिनेमा टीव्हीतल्या स्वतःच्या अॅपवर लावून बघा, तिथे बहुतेक वेळा जमतं. आपल्या मालिका, वेबसिरीज मोबाइलवरून किंवा स्टिकवरून बघणाऱ्यांनीही ध्यानात ठेवा. २५ चा माल ६० वर टाकला की तोही अडखळतो. ती सेटिंग नसेल तर निदान स्टिक ५० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ५० वेळांवर, ठेवून बघा.

ए-३०१, १०:४४
माझ्या टीव्हीच्या खोक्यावर मोठ्ठा आकडा आहे, मोशन अमुकतमुक. मग मला हे लागू नाही ना?

बी-२०४, १०:५०
तो आकडा पॅनलचा, म्हणजे खुद्द पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो त्याचा, असेलच असं नाही. बरेचदा जाहिरातीचा असतो. पॅनल खरोखर १२० चं असेल तर चांगलंच, २४ ला पाच-पाच वेळा बरोबर बसतं. ६० चं असेल तर काही टीव्ही २४ चा सिग्नल मिळाल्यावर आतून ४८ वर उतरतात, काही नाही उतरत.

*रविवार*

बी-४०२, दुपारी १२:०५
सापडली सेटिंग. बंदच होती. चालू केली. नदीकाठ परत लावला. ठेचा गेल्या! पण खरं सांगू, एकदम लोण्यासारखं नाही. फिरताना हलकी थरथर आहेच. मॅचसारखं नाही.

बी-२०४, १२:२०
ती राहणार काका. २४ म्हणजे २४. शिवाय ५५ इंचीवर तीच उडी ३२ पेक्षा मोठी दिसते. ओएलईडी असेल तर आणखी, कारण ते पॅनल चित्र इतक्या झटकन बदलतं की मध्ये पुसटपणाचा आडोसाच उरत नाही. थोडं मागे बसून बघा.

टीव्हीत गुळगुळीत करायची सोय असते. सोनीत मोशनफ्लो, एलजीत ट्रूमोशन, सॅमसंगमध्ये पिक्चर क्लॅरिटी. टीव्ही दोन चित्रांच्या मधलं चित्र स्वतःच्या मनाने काढून घुसवतो. फार वाढवलं तर सिनेमा मालिकेसारखा दिसतो आणि हाताभोवती पाण्यासारखं हलतं. मी बंदच ठेवतो. तुम्हाला अगदीच खुपलं तर एक-दोन घरं वाढवा, त्यापुढे नको. कित्येक नव्या टीव्हींत फिल्ममेकर मोड असतो, त्यात ही सोय आपोआप बंद होते.

बी-४०२ (काकू, काकांच्या फोनवरून), १२:३१
मी काकू. तो गुळगुळीतपणा तुझ्या काकांनी आत्ता बंद केला, आणि माझी मालिका बघवेना. मला तसंच आवडतं, सगळं समोर घडल्यासारखं वाटतं. संध्याकाळी सातच्या आत परत चालू करून दे.

बी-२०४, १२:३८
काकू, दोघांचं जमेल. बऱ्याच टीव्हींत प्रत्येक एचडीएमआयची सेटिंग वेगळी राहते. सेट टॉप बॉक्सच्या पोर्टवर तुमची गुळगुळीत, स्टिकच्या पोर्टवर काकांचा सिनेमा. फक्त "सगळ्या इनपुटना लावा" असं विचारलं तर नाही म्हणा. सहा वाजता वर येऊन करून देतो.

बी-४०२ (काकू), १२:४०
ये. शिरा केलाय.

सेक्रेटरी, १:५५
टाकीचे काम सुरू होत आहे.

ए-३०१, २:१०
म्हणजे माझी १८०० ची केबल…?

बी-२०४, २:१२
दादा, केबल उत्तम आहे. राहू दे.