शब्दचर्चा: 'फ्रंटिअर'ला मराठीत काय म्हणावं?

रानपाखरू: अठराव्या शतकात अमेरिकेतल्या केंटकीत घडणारी एक प्रेमकादंबरी मराठीत आणतेय. पहिल्याच पानावर 'फ्रंटिअर'ला अडले. कोशात सरहद्द आहे, पण 'सरहद्दीवर राहणारी नायिका' म्हटलं की लष्करी चौकी डोळ्यापुढे येते, आणि 'सीमाभाग' म्हटलं की थेट बेळगाव-निपाणी! शिवाय नायिका मध्यरात्री जीव मुठीत धरून 'स्टेशन'वर पळते, तेही १७८० साली. आणि 'कॉर्न' म्हणजे सगळीकडे मकाच ना?

मोडीवाचक: सरहद्द नकोच. सरहद्दीला पलीकडे दुसरं राज्य लागतं. फ्रंटिअर मेल ही आगगाडी पेशावरला जायची ती त्या अर्थानं. अमेरिकन वापरात ही आखलेली रेघ नाही, पुढेपुढे सरकणारा पट्टा आहे. १७६३ मध्ये इंग्लंडच्या राजानं, तिसऱ्या जॉर्जनं, जाहीरनामा काढून अ‍ॅपलेशियन डोंगरांपलीकडे वस्तीला बंदी केली. ती कोण पाळतो? १७७५ मध्ये डॅनियल बून या शिकारी-वाटाड्याच्या टोळीनं कंबरलँड खिंडीतून वाट पाडली आणि मागोमाग कुटुंबंच्या कुटुंबं निघाली. मी 'कडेचा मुलूख' म्हणेन.

मका मात्र जपून. केंटकी तेव्हा व्हर्जिनियातच मोडायचं, आणि व्हर्जिनियाच्या १७७९च्या कायद्यात, १७७८च्या आधी येऊन मक्याचं पीक काढलेल्या किंवा वर्षभर राहिलेल्या माणसाला ४०० एकरांवर हक्क होता. तिथे 'धान्य' लिहिलंत तर नायक मक्यासाठी एवढा जीव का टाकतो ते कळणार नाही. उलट नुकत्याच इंग्लंडहून आलेल्या पात्राच्या तोंडी 'कॉर्न' म्हणजे कुठलंही धान्य.

गावकुसाबाहेर: 'कडेचा मुलूख' आवडलं. 'स्टेशन'ला ठाणं सुचेल, पण ठाण्यात सरकारी अंमल येतो. इथे चारदोन घरांनी मिळून ओंडक्यांच्या खोल्या एकाला एक लावायच्या आणि मधल्या फटी टोकदार खांबांनी बुजवायच्या, एवढंच. गढीही नको, तिच्यामागे पाटील-देशमुख उभे राहतात. सरळ 'कोट' म्हणा. लेक्सिंग्टनजवळच्या ब्रायन्स स्टेशनची १७८२ची गोष्ट सांगतात: वेढा पडलाय, पाण्याचा झरा तटाबाहेर, आणि झाडीत दबा धरून बसलेल्यांना संशय येऊ नये म्हणून बायका रोजच्यासारख्या बादल्या घेऊन गेल्या. 'बायका कोटाबाहेर पाण्याला गेल्या', बघा कसं वाटतं.

तिरकस: सगळं ठीक, पण 'विल्डरनेस'ला निर्मनुष्य रान लिहू नका. शॉनी आणि चेरोकी या तिथल्या मूळ जमातींचे लोक तिथे पिढ्यान् पिढ्या शिकार करत होते. या कादंबऱ्यांना 'अस्पर्श भूमी' फार प्रिय. ती लबाडी मराठीत तरी कशाला आणायची?

रानपाखरू: मान्य. पण मग 'कॅप्टिव्ह'? 'पळवून नेलेली' म्हटलं की आपल्याकडे लग्नासाठी पळवली असंच वाटतं.

मोडीवाचक: या प्रकारात तेही अगदीच चूक नाही! १४ जुलै १७७६ला बूनची मुलगी जेमायमा आणि कॅलवे बहिणी नदीत होडीत असताना शॉनी-चेरोकी टोळीनं धरल्या. दोन दिवसांनी सोडवून आणल्या. सोडवायला गेलेल्यांत बेट्सी कॅलवेचा वाग्दत्त वर सॅम्युएल हेंडरसन होता, आणि पुढच्याच महिन्यात त्यांचं लग्न लागलं. आणखी काय हवं कादंबरीवाल्यांना! तिथे 'धरून नेलेली' चालेल. पण मेरी जेमिसन या अशाच धरून नेलेल्या गोऱ्या मुलीला तो शब्द पुरत नाही. तिला सेनेका या मूळ जमातीतल्या कुटुंबानं आपल्या मेलेल्या माणसाच्या जागी घेतलं. तिनं तिथेच दोनदा संसार मांडला आणि संधी असूनही परतली नाही. तिची हकीकत १८२४ मध्ये छापली गेली. अशा ठिकाणी सुरुवातीला 'धरून नेलेली', नंतर 'मानलेली लेक'.

तिरकस: अवांतर: 'लाँग हंटर'चं 'उंच शिकारी' केलेलं भाषांतर वाचलंय. ते लोक महिनोन्महिने शिकारीला जात, म्हणून लाँग.

रानपाखरू: आभार मंडळी. आता शेवटचं, 'बंडलिंग'.

गावकुसाबाहेर: न्यू इंग्लंड-पेन्सिल्व्हेनियाकडची जुनी चाल. लग्न ठरू पाहणाऱ्या पोरापोरीनं अंगभर कपड्यांनिशी एकाच अंथरुणात गप्पा मारत रात्र काढायची, कधी मधे फळी, आणि आईबाप पलीकडेच. मराठी शब्द शोधू नका, 'बंडलिंग'च ठेवा आणि फळीचं वर्णन नीट करा.

तिरकस: फळीची जाडीही द्या.