मदत हवी आहे: चालताना मोजलेल्या टाचेच्या आणि कण्याच्या कोनांवर किती विसंबावे?

नमस्कार. मी नाशिकमध्ये फिजिओथेरपीचे छोटे क्लिनिक चालवतो. दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत काम करणाऱ्या, चाळिशीतल्या एक ताई दोन महिन्यांपासून कंबरदुखीसाठी येत आहेत. मांडवाखाली मान वर करून छाटणी करायची आणि हंगामात क्रेट उचलायचे, एवढे कारण कंबरेला पुरेसे आहे. परंतु त्यांचे उजवे पाऊल सपाट पडते आणि त्या पायावर भार येताच धडही उजवीकडे झुकते, म्हणून पाऊल आणि कणा या दोहोंची हालचाल प्रत्यक्ष चालतानाच मोजावी असे मला वाटले.

उभ्या स्थितीतील मोजमापांत अडचण नाही. उजव्या पावलाच्या कमानीतील नॅव्हिक्युलर हाडाची जमिनीपासूनची उंची बसलेली असताना 46 मिमी आणि उभे राहिल्यावर 33 मिमी भरली, म्हणजे कमान 13 मिमी खचते. 10 मिमीच्या पुढचा आकडा साधारणपणे जास्त धरला जातो. डावीकडे तो 6 आहे. कंबर पुढे किती वाकते हे पाहणाऱ्या सुधारित शोबर चाचणीत पाठीवर आखलेले 15 सेंमीचे अंतर पुढे वाकल्यावर 19 सेंमीपर्यंतच गेले.

घोडे अडते ते चालण्यापाशी. इन्फ्रारेड कॅमेऱ्यांची प्रयोगशाळा हाताशी नसल्यामुळे मी मोबाइल ट्रायपॉडवर लावून सेकंदाला 60 फ्रेमने मागून चित्रण करतो आणि मार्कर म्हणून चक्क कपाळाच्या टिकल्या वापरतो: दोन पोटरीच्या मध्यरेषेवर, दोन टाचेवर, एक मानेच्या सातव्या मणक्यावर आणि एक त्रिकास्थीवर (कण्याच्या तळाच्या त्रिकोणी हाडावर). (त्या ताईंनीच पर्समधून काढून दिल्या, माझ्या स्टिकरांपेक्षा घामात जास्त टिकतात.) पहिल्या दिवशी उजवी टाच 9 अंश बाहेर कललेली दिसली, चार दिवसांनी कोणताही उपचार न करता 13 अंश. त्यानंतर बुटात इनसोल दिला, तेव्हा कोन 8 वर आला. ही सुधारणा समजावी, की टिकली जागेवर नव्हती असे समजावे? शिवाय ताई म्हणाल्या, ‘डॉक्टर, तुमच्या फरशीवर सगळेच सरळ चालतात, बांधावर येऊन बघा.’ त्यांचे म्हणणे मला खोडता आले नाही.

त्यांना मोठ्या शहरातील प्रयोगशाळेत पाठवावे का, हाही प्रश्न आहे. एक दिवसाचा रोज बुडवून केलेल्या तपासणीतून हाती काही लागायला हवे.

प्रतिसाद

उपचाराविना आलेला 4 अंशांचा फरक ही तुमच्या मोजणीची स्वतःची चूक आहे, असे धरून चाला. उपचारापूर्वी निदान दोन वेगळ्या दिवशी, एकाच व्यक्तीने टिकल्या लावून, दर वेळी सात-आठ पावलांची सरासरी घ्या आणि त्या दोन दिवसांत जेवढा फरक पडेल त्याहून मोठा बदल दिसला तरच तो खरा माना. चालण्याचा वेग सारखा ठेवा, कारण वेग बदलला की पावलापासून धडापर्यंत सगळेच बदलते. पाऊल बाहेर वळवून पडत असेल, तर मागच्या कॅमेऱ्यातला टाचेचा कोन तसाही फसवा असतो.

कण्याचा बाजूचा झुकाव तुम्हाला ढोबळमानाने मिळेल, पण पीळ एका कॅमेऱ्यात मिळणार नाही; कंबरेच्या मणक्यांचा पीळ चालताना जेमतेम काही अंशांचा असतो आणि त्यावरची त्वचा सरकते ती वेगळीच. प्रयोगशाळेत पाठवणार असाल, तर पावलासाठी कोणते मॉडेल वापरतात ते आधी विचारा. नेहमीच्या मॉडेलमध्ये अख्खे पाऊल एकच कडक तुकडा मानतात, त्यात खचणारी कमान दिसतच नाही. ऑक्सफर्ड फूट मॉडेलसारख्या पद्धतीत टाच, चवडा आणि अंगठा वेगवेगळे मोजतात.

एक शंका: इनसोल घातल्यानंतर टाचेच्या टिकल्या कुठे होत्या?

धागाकर्ता

बुटावर होत्या. म्हणजे मी 8 अंश मोजले ते बुटाचे, आत टाच काय करत होती ते कळलेलेच नाही. मागून उघडी, पट्ट्यांची सँडल घेऊन त्यात तोच इनसोल बसवतो आणि इनसोलशिवाय व इनसोलसह अशी दोन्ही मोजमापे त्याच सँडलमध्ये पुन्हा घेतो. ताईंना सोमवारी बोलावले आहे.