'झटका' म्हणजे नेमकं काय? ड्राइव्ह, लाईन आणि चोक

अंबडकर: नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीत ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) बंद पडला की फिटर म्हणतो, "लाईनचा झटका आला." वीज पडली तरी झटका, लाईट डिम झाली तरी झटका, फेज गेला तरी झटकाच. यांना वेगळे मराठी शब्द आहेत का?

पॅनेलवाला: हवेतच, कारण प्रत्येकाचा इलाज वेगळा. दाब (व्होल्टेज) क्षणात वर गेला तर 'उसळी', थोडा वेळ खाली बसला तर 'डिप', तीनपैकी एक फेज गेला तर 'सिंगल फेजिंग'. डिपला 'दाबपात' म्हणून बघा, पण शॉपफ्लोअरवर तो रुजेल असं वाटत नाही. महावितरणच्या कागदावर 'रोहित्र' असतं, तोंडात मात्र 'डीपी'च असते ना!

उसळीचेही दोन प्रकार. आकाशातली वीज पडून येणारी उसळी मायक्रोसेकंदांची, तिला एसपीडी (उसळी जमिनीत उतरवणारं सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस) लागतो. तो इनकमरजवळ (पॅनेलच्या मुख्य स्विचजवळ) बसवा आणि त्याच्या फेजच्या व अर्थिंगच्या वायरची लांबी मिळून अर्ध्या मीटरच्या आत ठेवा. वायर दर मीटरला साधारण हजार व्होल्टची भर घालते, मग एसपीडी कितीही भारी असला तरी ड्राइव्हला ते व्होल्ट सोसावेच लागतात. दुसरी उसळी पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या कपॅसिटर बँकेचा टप्पा चालू झाल्यावर येते. ती मिलिसेकंदांत मोजायची, तिला चोक हवा.

शब्दवेडा: 'चोक' हा शब्दच गोंधळाचा. ट्यूबलाइटचा चोक, स्कूटरचा चोक आणि मोरी 'चोकअप' झाली तेही त्याच घराण्यातलं. इथे कुठला?

पॅनेलवाला: लोखंडी गाभ्यावरची तीन गुंडाळ्यांची कॉइल. खरेदीच्या चिठ्ठीवर नुसतं 'चोक' लिहू नका. इनपुट चोक ड्राइव्हच्या आधी बसतो आणि ड्राइव्हला लाईनपासून वाचवतो. आउटपुट चोक ड्राइव्हनंतर येतो, मोटरपर्यंतची केबल लांब असेल तेव्हा. डीसी चोक एसीचा डीसी करणाऱ्या डायोड ब्रिजनंतर असतो. तो हार्मोनिक्स (लाईनच्या करंटमधली विकृती) कमी करतो, पण उसळी आधी ब्रिजवरच आदळते, म्हणून ब्रिजला त्याचा आधार नाही.

अंबडकर: मग डिपला इनपुट चोक लावला तर?

पॅनेलवाला: डिप थांबत नाही. उलट चोक स्वतःच थोडा दाब खातो. फरक पडतो दाब परत येताना. डीसी बस (ब्रिजनंतरचे कपॅसिटर) रिकामी झालेली असते, सुरुवातीचा करंट रोखणारा प्रीचार्जचा रेझिस्टर मात्र बायपासच राहिलेला, म्हणून ब्रिजमधून मोठा करंट धावतो आणि फ्यूज किंवा डायोड जातो. त्या करंटला चोक आवर घालतो. डिपमध्ये पहिला गळतो तो बहुधा कॉन्टॅक्टर (कॉइलवर चालणारा स्विच), ड्राइव्ह नव्हे. कंट्रोल सप्लाय यूपीएसवर घ्या. पंख्यासारखा जड फिरता लोड असेल तर ड्राइव्हमधला राइड-थ्रू (फिरत्या लोडच्या जोरावर डिप निभावणारी सोय) चालू करा.

मेंटेनन्स: एक भर. ४१५ व्होल्टवर डीसी बस सुमारे ५८७ व्होल्ट असते, आणि बरेच ड्राइव्ह ८०० च्या आसपास 'ओव्हरव्होल्टेज' दाखवून ट्रिप होतात. मोटर थांबताना ट्रिप आली तर लाईनला दोष देऊ नका. मोटर जनरेटर बनून बस फुगवते. थांबण्याचा वेळ वाढवा किंवा ब्रेक रेझिस्टर लावा. एका वेगाने धावत असताना, कपॅसिटर बँकेचा टप्पा चालू होतो त्याच वेळी ट्रिप येत असेल तर ती उसळी.

सिंगल फेजिंग मात्र लबाड. हलक्या लोडवर ड्राइव्ह दोन फेजवर चालतच राहतो. बसवरचा रिपल (दाबातला चढउतार) ३०० हर्ट्झवरून १०० वर येतो, कपॅसिटर तापतात, उरलेल्या दोन फेजवर करंट वाढतो. ड्राइव्हवर फॉल्टचा कोड येईल याची वाट न बघता फेज फेल्युअर रिले लावलेला बरा.

अंबडकर: २२ किलोवॅटच्या मोटरला चिठ्ठीवर काय लिहू?

पॅनेलवाला: करंट साधारण ४० अँपिअर, पण ड्राइव्हच्या प्लेटवरचा इनपुट करंट बघून ठरवा. ४० धरला तर ३ टक्क्यांचा, म्हणजे पूर्ण करंटवर ३ टक्के दाब खाणारा, चोक ०.५७ मिलिहेन्रीचा येतो. लिहा: 'इनपुट चोक, थ्री फेज, ४१५ व्होल्ट, ४० अँपिअर, ३ टक्के.'