रोज पाणी घालून आपणच लॉन लाडावून ठेवतो

मुळाशी_जा

लॉन पिवळं पडू लागलं की सल्ले ठरलेले. पाणी वाढवा. युरिया टाका. बारीक कापा, नवे फुटवे येतील. हे तिन्ही उपाय मी तीन वर्षं इमानेइतबारे केले. लॉन हिरवं राहायचं, नाही असं नाही. पण चार दिवस बाहेरगावी गेलो की परत येईपर्यंत त्याने मान टाकलेली असायची. एकदा फुटलेला पाइप शोधायला कडेला खणलं तेव्हा कारण सापडलं. मुळं पुरती चार बोटंही खोल नव्हती. जातील कशाला? रोज सकाळी वरच्या वर पाणी मिळतंय, वरची दोन बोटं माती ओली आणि खाली ठणठणीत कोरडं. कोरड्यात मूळ उतरत नाही.

तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. रोजचं शिंपण बंद करा. उन्हाळ्यात आठवड्याला साधारण 25 मिमी पाणी, एकदा किंवा दोनदा विभागून, पहाटे द्या. 1 चौरस मीटरवर 1 मिमी म्हणजे 1 लिटर, म्हणजे चौरस मीटरला आठवड्याचे 25 लिटर. पाऊस झाला तर तेवढं वजा. स्प्रिंकलरखाली सरळ कडांचे चार-पाच रिकामे डबे ठेवा आणि अर्ध्या तासाने पट्टीने मोजा. माझ्याकडे एका डब्यात 14 मिमी आणि दुसऱ्यात 4 निघालं. जिथे 4, तिथेच तो पिवळा पट्टा होता. त्याला मी दोन वर्षं खत घालत होतो!

पुढचं पाणी कधी, ते गवतच सांगतं. पाती दुमडतात, रंग निळसर राखाडी होतो, चालून गेलं की पावलांचे ठसे तसेच राहतात. तोवर हात बांधून बसायचं.

आणि कापताना एका वेळी पात्याचा एक तृतीयांशाहून जास्त भाग काढू नका. ही काही ऐकीव गोष्ट नाही. अमेरिकेच्या कृषी खात्यात क्रायडर यांनी केलेलं काम 1955 साली प्रसिद्ध झालं. निम्मा किंवा त्याहून जास्त पाला एकदम छाटला की गवताच्या मुळांची वाढ काही काळ चक्क थांबते, असं त्यात दिसलं होतं. मुळं उथळ, त्यात वाढ थांबलेली, वर ऊन. मग पिवळं पडेल नाही तर काय होईल?

हिरवळ_हौशी

साफ असहमत.

माझं लॉन हरळीचं, नऊ वर्षांचं. रोज सकाळी पाणी, दर चार दिवसांनी कापणी, उंची अडीच सेंमी. अनवाणी चालावंसं वाटेल असं आहे. आठवड्यातून एकदाच पाणी द्यायचा प्रयोग मीही केला होता, असंच कुठेतरी वाचून. पाचव्या दिवशी निम्मं लॉन तांबूस झालं. पुस्तकातलं गवत आठवडाभर दम धरत असेल, माझं नाही धरत.

आणि एक तृतीयांशाचा नियम ठीक आहे, पण त्यातून लोक "उंच ठेवा" एवढंच उचलतात. हरळी वाढू दिली की खाली नुसत्या काड्या उरतात, हिरवं फक्त शेंड्याला. मग एक दिवस पाहुणे येणार म्हणून कापायला जावं, तर सगळं अंगण कडब्याच्या पेंढीसारखं दिसतं.

मुळाशी_जा

उंचीबद्दल बरोबर आहे तुमचं. जातीप्रमाणे, असं मी लिहायला हवं होतं. हरळीला 2 ते 4 सेंमी चालतं, उंच फेस्क्यू या थंड हवेतल्या गवताला 7 ते 10 लागतं. बारीक ठेवायचं तर मग वरचेवर कापावं लागतं, ते तुम्ही करताच.

पाण्याचं मात्र मान्य नाही. हरळी म्हणजे शेतकऱ्याच्या नाकी नऊ आणणारं तण. खणून उन्हात टाकली तरी एखादी कांडी राहिली की पुन्हा उगवते. तिला पाच दिवसांत तहान लागत असेल तर तिची ती सवय तुम्ही लावली आहे. नऊ वर्षांचे लाड एका आठवड्यात कसे सुटतील? रोजचं दिवसाआड, मग तीन दिवसांनी, असं हळूहळू लांबवायचं होतं.

हिरवळ_हौशी

गवत आहे हो ते, मूल नाही. सवयी लागत नाहीत त्याला.

तिपतिया

मी वेगळ्याच टोकावरून बोलतो. नुसतं एका जातीचं गवत हवं, हा हट्टच कशाला? दुसऱ्या महायुद्धानंतर २,४-डी हे तणनाशक घरोघरी पोहोचण्याआधी लॉनच्या बियाण्याच्या मिश्रणात पांढरा क्लोव्हर, म्हणजे तीन-तीन पानांची बुटकी वनस्पती, मुद्दाम घालत. हवेतला नत्र तो स्वतः मिळवतो, शेजारच्या गवतालाही त्यातला काही लाभतो. तणनाशकाने रुंद पानाचं सगळंच मरायला लागलं, त्यात क्लोव्हरही गेला आणि मग लोक त्याला तण म्हणू लागले. माझ्याकडे क्लोव्हर आहे, युरियाचं पोतं नाही. एवढंच, की फुलावर मधमाश्या असतात तेव्हा अनवाणी चालायचं नाही.

हिरवळ_हौशी

म्हणजे चालायचं नाही असं लॉन! छान.

खतावळ

युरियाचा विषय निघालाच आहे तर. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडला लॉझ आणि गिल्बर्ट यांनी 1856 मध्ये गवताच्या कुरणावर खतांचे प्रयोग सुरू केले, ते अजून चालू आहेत. ज्या तुकड्यांना वर्षानुवर्षं अमोनियम सल्फेट हे नत्राचं खत दिलं आणि चुना दिला नाही, तिथल्या मातीचा सामू (pH) 4 च्याही खाली घसरला, म्हणजे माती फार आम्ल झाली. गांडुळं राहिली नाहीत आणि मेलेलं गवत न कुजता वर गादीसारखं साठत गेलं. आपल्या लॉनमध्ये पाऊल ठेवलं की स्पंजासारखं दबतं ना, तसंच काहीसं. लोक म्हणतात कापलेलं गवत उचललं नाही म्हणून हा थर होतो. तसं नाही. कापलेल्या पात्यात बहुतांश पाणीच असतं, ते लवकर कुजतं आणि त्यातला नत्र मातीत परत जातो. थर होतो तो चिवट कांड्यांचा आणि मुळांचा. भरमसाट नत्र दिला की त्या वेगाने वाढतात, आणि माती आम्ल झाली की कुजवणारे जीव कमी होतात. दोन्ही बाजूंनी भर. मी गेली दोन वर्षं कापलेलं गवत जागीच सोडतो. फक्त ओलं असताना कापत नाही, त्याचे गोळे होतात आणि खालचं गवत गुदमरतं.

मुळाशी_जा

हे माझ्या बाजूचंच झालं.

खतावळ

अर्धंच. त्याच प्रयोगात सोडियम नायट्रेट हे दुसरं नत्राचं खत दिलेल्या तुकड्यांची माती तशी आम्ल झाली नाही. म्हणजे दोष सरसकट खताचा नाही. आणि तिथे अमोनियम सल्फेट दशकानुदशकं पडत होतं. चौरस मीटरला एका वेळी 5 ग्रॅम नत्र, म्हणजे सुमारे 11 ग्रॅम युरिया, मोजून दिला आणि लगेच पाणी दिलं तर काही बिघडत नाही. बिघडतं ते मुठीने फेकल्यावर. मुठीमुठीत फरक असतो.

पहाटपाळी

गोल्फच्या मैदानावर गवत राखायचं काम बरीच वर्षं करतोय. इथे दोघेही आपापल्या अंगणाचं बोलताय, आणि मातीबद्दल कुणीच विचारलं नाही.

आमची ग्रीन, म्हणजे गोल्फच्या भोकाभोवतीची गुळगुळीत हिरवळ, 3-4 मिमी उंचीवर कापलेली असते. तिला पाणी बऱ्याचदा रोज लागतं, कडक उन्हात तर दुपारी नुसता गारव्यासाठी हलका फवारा मारतो. म्हणून रोजचं पाणी हे पाप नाही. पण ती वाळूवर उभी असते, खाली निचऱ्याची सोय असते, आणि रोज तिला निरखणारा माणूस पगारी असतो. घरच्या लॉनला हे लागू करू नका. धागाकर्त्यांचं 25 मिमी पोयट्याच्या खोल मातीत चोख आहे. तेवढंच पाणी वाळूत सुमारे 30 सेंमी उतरतं आणि चिकणमातीत जेमतेम 10-12. चिकणमातीवर ते एकदम सोडलं तर निम्मं वाहून गटारात जाईल; थोडं सोडायचं, तासभर थांबायचं, पुन्हा सोडायचं.

हौशीताई, एक करा. पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी, वाफसा आल्यावर, लांब स्क्रूड्रायव्हर आठ-दहा ठिकाणी खुपसून बघा. किती जातो?

हिरवळ_हौशी

केलं. फाटकाकडच्या बाजूला मुठीपर्यंत जातो, काही त्रास नाही. घराच्या भिंतीकडच्या निम्म्या भागात मात्र बोटभर लांबीनंतर ठक्क. बारा ठिकाणी केलं, सात ठिकाणी ठक्क. म्हणून एका जागी खणून पाहिलं. दहा सेंमी माती, आणि खाली विटांचे तुकडे, खडी, सिमेंटची ढेकळं. घर बांधताना उरलेलं सगळं तिथेच पसरून वर माती ओढून लॉन लावलेलं दिसतंय. त्या वेळी तांबूस झालं होतं ते नेमकं हेच निम्मं.

तर, मुळाशी_जा, माझं गवत लाडावलेलं नव्हतं. त्याला जायला जागाच नव्हती.

मुळाशी_जा

हे मला सुचायला हवं होतं. नावच असं घेऊन बसलोय. त्या निम्म्या भागापुरता माझा मुद्दा मागे घेतो.

हिरवळ_हौशी

म्हणजे रोजचं पाणी बरोबरच होतं.

पहाटपाळी

तेही नाही. हिशोब सांगतो. 10 सेंमी बऱ्या मातीत गवताला घेता येईल असं पाणी मावतं साधारण 15 मिमी. कडक उन्हात गवत दिवसाला 5-6 मिमी उडवतं. म्हणजे पूर्ण भरलेली माती तीन दिवसांत रिकामी. तुमचं पाचव्या दिवशी तांबूस होणं यात बरोबर बसतं. उलट 25 मिमी एकदम दिलं तर लोकांना वाटतं, जास्तीचं पाणी खडीत निघून जाईल. पण बारीक मातीखाली जाड खडी असली की वरची माती पार चिंब झाल्याशिवाय पाणी खाली उतरतच नाही. आमच्या ग्रीनखाली खडीचा थर मुद्दाम घालतात तो याच गुणासाठी, पण तिथे वर 30 सेंमी वाळू असते. तुमच्या 10 सेंमी मातीत मुळं दिवसभर चिखलात बसतील, हवा मिळणार नाही. म्हणून त्या भागाला दिवसाआड 8-10 मिमी. रोज नको, कारण रोज ओली राहणारी पाती बुरशीला आमंत्रण देतात. संध्याकाळी तर मुळीच नको, रात्रभर ओलं राहतं. फाटकाकडच्या भागाला धागाकर्त्यांचं वेळापत्रक लावा.

खतावळ

आणि डबर काढणं?

पहाटपाळी

जमलं तर तेच खरं औषध. एक-एक वाफा उकरून, डबर काढून, माती भरून तेच गवत पुन्हा बसवायचं. हरळी आहे, धरेल. नसेल जमत तर दर हंगामात चाळलेल्या मातीचा पातळ थर, 5-6 मिमी, दंताळ्याने पसरत राहा. पाती बुडतील इतका जाड नको. चार-पाच वर्षांत दोन-तीन सेंमी मिळतात, त्याचाही फरक पडतो.

हिरवळ_हौशी

पाच वर्षं! बरं. डबर काढायला या रविवारी एक वाफा धरते, मीटरभराचा. फाटकाकडच्या भागाला पाणी आजपासून आठवड्यातून दोनदा, डबेही मांडलेत. पहिल्या मोजणीत भिंतीकडे 9 आणि फाटकाकडे 3 आलं. म्हणजे जिथे माती चांगली तिथे मी इतकी वर्षं पाणीच कमी देत होते, आणि तरी ते तांबूस झालं नव्हतं. मुळाशी_जा, यावर लगेच काही लिहू नका.

मुळाशी_जा

नाही लिहीत. स्प्रिंकलरचं तोंड तेवढं फिरवा.