व्हीआर गेम मेटावरून घ्यायचे की स्टीमवरून? आमच्या फॅमिली ग्रुपवरची चर्चा

स्वाती: मंदार भाऊजी, तुम्ही दिवाळीत आणलेला क्वेस्ट ३एस (डोळ्यांवर लावायचा मेटाचा व्हीआर हेडसेट) आता मुलांच्या हातात दिलाय. अर्णवला बीट सेबर हवाय, गाण्याच्या तालावर ठोकळे कापायचा गेम. तो म्हणतो स्टीमवर (कॉम्प्युटर गेमचं ऑनलाइन स्टोअर) रुपयांत मिळतो, तिथून घेऊ. हेडसेटमध्ये मात्र मेटाचं (फेसबुकवाल्या कंपनीचं) स्टोअर उघडतं आणि तिथे डॉलर दिसतात. गेम तोच आहे ना? मग स्वस्त पडेल तिथून घेतला तर चालेल?

मंदार: वहिनी, थांबा, अजून पैसे भरू नका. नाव एक असलं तरी हे दोन वेगळे गेम आहेत असं धरून चला. मेटावरून घेतलेला गेम हेडसेटमध्येच डाउनलोड होतो, कॉम्प्युटर लागत नाही. स्टीमवरचा गेम कॉम्प्युटरवर चालतो, हेडसेटमध्ये फक्त त्याचं चित्र येतं. बीट सेबर एकीकडे घेतला म्हणून दुसरीकडे मिळत नाही. त्याचे गाण्यांचे पॅकसुद्धा पुन्हा विकत घ्यावे लागतात.

अर्णव: पण काका, कॉम्प्युटरवरचा गेम वायफायने हेडसेटमध्ये दाखवणारं स्टीम लिंक ॲप फुकट आहे. बाबांच्या लॅपटॉपवर स्टीम टाकलं की झालं ना?

केतकी: अर्णव, त्या लॅपटॉपमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे का बघ. ऑफिसच्या लॅपटॉपला हे झेपणार नाही. चित्र अडकत आलं की डोकं गरगरतं आणि मळमळतं, मग हेडसेट नकोसाच होतो. कार्ड असलं तरी कॉम्प्युटर राउटरला लॅन केबलने जोडलेला हवा आणि हेडसेट त्याच खोलीत ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर हवा. एवढं जमवलं तर स्टीम लिंक खरंच छान चालतं. क्वेस्टवर ते २०२३च्या शेवटी आलं, मी तेव्हापासून तेच वापरते.

अर्णव: बघितलं. ग्राफिक्स कार्ड नाहीये. बाबा म्हणालेत दहावी झाल्यावर पीसी घेऊ.

स्वाती: म्हणजे अजून दोन वर्षं. मग स्टीमचा विषय संपला का?

केतकी: आजपुरता संपला वहिनी, पण पुढचा विचार करून ठेवा. विकत घेतलेला गेम हेडसेटचा नसतो, त्या स्टोअरवरच्या खात्याचा असतो. मायक्रोसॉफ्टचं विंडोज मिक्स्ड रिॲलिटी (विंडोजमधली व्हीआर हेडसेट चालवायची सोय) आठवतं का? एचपी, एसर, लेनोव्हो, सॅमसंग सगळ्यांनी त्याचे हेडसेट काढले होते. डिसेंबर २०२३मध्ये मायक्रोसॉफ्टने ते बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि विंडोज ११च्या २४एच२ अपडेटमधून काढूनच टाकलं. अपडेट केलेल्या कॉम्प्युटरवर चांगले चालते हेडसेट निकामी झाले. पण ज्यांनी गेम स्टीमवरून घेतले होते, त्यांचे गेम शाबूत राहिले. दुसरा हेडसेट घेतला, त्याच खात्यात लॉगिन केलं, खेळ सुरू. स्टीमला क्वेस्ट चालतो, व्हॉल्व्हचा इंडेक्स हेडसेट चालतो, ऑगस्ट २०२४पासून ॲडाप्टर लावून सोनीचा प्लेस्टेशनसाठीचा पीएस व्हीआर२ हेडसेटसुद्धा चालतो. मला स्टीम आवडतं ते यासाठी. मुलांनी खाऊचे पैसे साठवून घेतलेला गेम कंपनीच्या एका निर्णयाने जावा, हे मला पटतच नाही.

मंदार: केतकीचं खरं आहे, फक्त मेटाची बाजूही सांगतो. पहिल्या क्वेस्टवर (२०१९चा) घेतलेले बहुतेक गेम त्याच खात्यावर आज ३एसवर चालतात. तो पहिला क्वेस्ट मात्र मागे पडला. एप्रिल २०२४नंतर त्याच्यासाठी नवीन गेम येणंच बंद झालं. म्हणजे मेटाचाच पुढचा हेडसेट घेतलात तर गेम सोबत येतात. दुसऱ्या कंपनीचा घेतलात तर तिथेच राहतात.

केतकी: आणि ऑनलाइन गेम असेल तर स्टोअर कुठलंही असो, सर्व्हर बंद झाला की संपलं. इको व्हीआर किती लोक जीव लावून खेळायचे! मेटाने १ ऑगस्ट २०२३ला तो बंद केला.

शरद काका (नाशिक): मग हे विकत घेणं कसलं? पैसे आपण मोजायचे आणि हक्क त्यांचा?

केतकी: हो काका, आपल्याला मिळतो तो फक्त वापरण्याचा परवाना. कॅलिफोर्नियाने २०२४मध्ये याच मुद्द्यावर कायदा केला. तुम्ही मालकी नाही, परवाना घेताय, हे स्टोअरने ग्राहकाला स्पष्ट सांगायला हवं. स्टीमवर पैसे भरताना आता ती ओळ दिसते.

शरद काका (नाशिक): निदान सांगतात तरी. गेम आवडला नाही तर पैसे परत?

केतकी: मेटा आणि स्टीम दोन्हीकडे नियम जवळपास सारखाच, खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असाल तर. रोहन, तुझ्या पीएस व्हीआर२चं तसं नाही हं. प्लेस्टेशन स्टोअरवर डाउनलोड सुरू केलं की गेम सदोष असल्याशिवाय पैसे परत मिळत नाहीत. तिथे आधी व्हिडिओ बघून नीट ठरवून घे.

रोहन: बरं झालं सांगितलंस. मी एक कार्टमध्ये टाकून ठेवला होता.

शरद काका (नाशिक): स्वाती, डॉलरमध्ये भरणार असशील तर आधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करावे लागतील. नव्या कार्डांवर ते मुळात बंदच असतात. मर्यादा कमी ठेव आणि काम झालं की परत बंद कर. बँक वर मार्कअप (परकी चलनाचं जादा शुल्क) लावते, तो धरूनच किमतीची तुलना कर. आणि कार्ड हेडसेटमध्ये कायमचं जोडून ठेवू नकोस, मुलांच्या हातून खरेदी होऊ शकते.

स्वाती: हो काका, करते. मुक्तालाही खेळायचंय. तिच्यासाठी वेगळा गेम घ्यावा लागेल का?

मंदार: नाही. ती दहा वर्षांची आहे ना? मेटावर १० ते १२ वयाच्या मुलांचं खातं आईवडिलांच्या देखरेखीखाली उघडता येतं. हेडसेटचं मुख्य खातं तुमच्या नावावर ठेवा, खरेदी त्यावरूनच करा आणि ॲप शेअरिंग चालू करा. मग त्याच हेडसेटवर दोघंही आपापल्या खात्यातून खेळतील, एकमेकांचे स्कोअर मिसळणार नाहीत. खरेदी अर्णवच्या खात्यावरून अजिबात नको. मी दिलं तेव्हा माझंच इकडचं, परदेशातलं खातं घातलं होतं, डॉलर म्हणूनच दिसत असतील. काही विकत घेण्याआधी ते काढून टाका, नाहीतर गेम माझ्या खात्यात जातील.

केतकी: पीसी आला की स्टीम फॅमिलीज बघा. घरातल्या सहा जणांपर्यंत एकच लायब्ररी. दोघांना एकाच वेळी तोच गेम हवा असेल तर मात्र दोन प्रती लागतात.

आत्या: मला फारसं कळलं नाही, पण गुडघेदुखीवालीला बसून खेळता येईल असं काही आहे का रे मंदार?

मंदार: आहे आत्या! वॉकअबाउट मिनी गोल्फ. खुर्चीत बसूनसुद्धा मस्त खेळता येतो. तो सगळ्यांनी आपापल्या हेडसेटच्या स्टोअरवरून घ्या. मेटा, स्टीम आणि प्लेस्टेशनवाले एकाच मैदानात खेळतात, म्हणजे रोहन आणि केतकीही येतील. जादाची मैदानं वेगळी विकत मिळतात, पण ज्याने एकत्र खेळायची ऑनलाइन खोली उघडली त्याच्याकडे असली की पुरतात. माझ्याकडे बरीच आहेत, तुम्ही फक्त मूळ गेम घ्या.

अर्णव: आणि हाफ-लाइफ ॲलिक्स?

केतकी: तो फक्त पीसीवर, स्टीमवरूनच. आत्ता घेऊ नकोस. स्टीमचा सेल उन्हाळ्यात जूनच्या शेवटी आणि पुन्हा डिसेंबरच्या शेवटी असतो. विशलिस्टमध्ये टाकून ठेव, पीसी येईपर्यंत असे किती तरी सेल येतील. बॅटमॅन अर्कम शॅडोचं याच्या उलट आहे, तो क्वेस्ट ३ आणि ३एसवरच चालतो. त्यासाठी स्टीमची वाट बघू नकोस.

स्वाती: मग ठरलं. आधी भाऊजींचं खातं काढून माझं घालते. बीट सेबर आणि मिनी गोल्फ मेटावरून, कारण हे दोन रोज हॉलमध्ये खेळले जाणार. ॲलिक्स आणि तसे मोठे गेम पीसी आल्यावर स्टीमवरून. अर्णव, गाण्यांचे पॅक एवढ्यात नाही. आधी गेममध्ये आहेत ती गाणी खेळ.

अर्णव: ओके आई. पण बॅटमॅन वाढदिवसाला.

मंदार: बॅटमॅन माझ्याकडून. वहिनी, शनिवारी तुमच्या रात्री नऊला गोल्फची खोली उघडतो, इकडे सकाळ असेल. आत्यांना हेडसेटचा पट्टा नीट बसवून द्या, सैल राहिला तर चित्र धूसर दिसतं.